दिवसा न सांगायची गोष्ट

तलासरीकडे, उधवा गावाच्या पुढे, जिथे एक ओहोळ ओलांडला की गुजरात लागतो, तिथल्या पाड्यावर गंगीचं घर आहे. कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं, पुढे रुंद पडवी. त्या घरात दिवस मावळल्याशिवाय गोष्ट सांगत नाहीत. पाऊस चार-चार दिवस उघडत नाही, शेतात पाय ठेवता येत नाही, मोठी माणसं पडवीत बसून दोर वळत राहतात आणि पोरं कंटाळून एकमेकांच्या अंगावर पडतात, तरी नाही. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. गंगीला हे तिच्या आईने, पुतळीने सांगितलं. पुतळीला तिच्या आईने. असं का, म्हणून कोणी विचारलं नाही. मामा सगळ्यांनाच हवा असतो.

पुतळी गेली तेव्हा गंगी बारा वर्षांची होती आणि तिचा भाऊ बाबल्या चार वर्षांचा. बाप चिकूच्या वाडीत कामाला होता, उजाडता जायचा आणि अंधारता यायचा. गंगीने भावाला कमरेवर घेऊन पाणी भरलं, कमरेवर घेऊन भात कांडला. बाबल्याने एकदा भोकाड पसरलं की तो थांबायचा नाही. गोष्टीचं नाव काढलं तरच गप्प व्हायचा.

"सांग."

"आता नाय. दिस बुडू दे."

बाबल्या दारात जाऊन उभा राहायचा. आषाढात दिवस कुठवर आलाय ते आभाळात दिसायचं नाही, म्हणून तो कोंबड्यांवर नजर ठेवायचा. त्या खुराड्यात शिरल्या की धावत यायचा. "ताई, बुडला! कोंबड्यांना विचार जा!" मग गंगी दिवा लावायची आणि आईने सांगितलेलं जसंच्या तसं सांगायची. तिच्या गोष्टीत वाघाने खाल्लेला माणूस परत येत नसे. एकदा बाबल्या म्हणाला होता, त्या म्हातारीचा पोरगा जिवंत कर ना. गंगी म्हणाली, "मी कोण करणारी? आईने मेला सांगितला, तो मेला."

अशी गंगी गोष्टी सांगणारी झाली. पुढे तिचं लाहूशी लग्न झालं तेव्हा बाबल्या तिच्याबरोबर सासरी आला आणि लाहूने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. गंगी दुसऱ्यांच्या वाडीत जाळीच्या काठीने चिकू उतरवायला गेली, वीटभट्टीवर गेली, लोकांच्या शेतात भाताच्या रोपांची आवणी करून पाठ वाकवून घेतली. तिच्या हातात कधी पेन आलं नाही. पण पावसाळ्यात संध्याकाळी तिची पडवी भरायची आणि आजूबाजूच्या तीन पाड्यांवरची माणसं ओला चिखल तुडवत यायची, हे तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला ताठाही होता.

बाबल्या मोठा झाला आणि बोटीवर गेला. तलासरीकडचे पुष्कळ गडी असेच जातात. पाऊस संपला की सौराष्ट्राच्या बंदरात जाऊन मोठ्या बोटींवर खलाशी होतात, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. बाबल्याच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा म्होरक्या, डहाणूजवळच्या आगर गावचा होता. बाबल्या दरवर्षी ज्येष्ठात घरी यायचा, खांद्यावर सुक्या बोंबलांची पिशवी आणि भाचीसाठी काहीतरी झगझगीत. भाची म्हणजे गंगीची एकुलती एक मुलगी दक्षा. ओहोळाच्या काठाला मामा दिसला की ती पाण्यातून धावत सुटायची.

दोन वर्षांपूर्वी थंडीत ती बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली. बोटीवरच्यांना कळलंही नाही म्हणतात. पलीकडच्या देशाच्या पहाऱ्याने धरली, आणि तांडेलासकट सातही जण तिथल्या तुरुंगात गेले. एक चिठ्ठी आली, दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरातली. 'मी बरा आहे. भाकरी मिळते. दक्षाला सांगा.' दक्षाला काय सांगा, ते लिहायचं राहून गेलं होतं.

तेव्हापासून गंगीचा तो जुना नेम कडक झाला. आधी तो पोरांना गप्प करायचा नेम होता. आता त्यात एक खरा मामा होता, आणि त्याला खरोखरच वाट सापडायची होती. श्रावणात एका भर दुपारी शेजारच्या पोराने नुसतं "एक होता राजा" म्हटलं, तर तिने त्याला पडवीतून हुसकलं.

दक्षा बारावी करून मुंबईला गेली होती. बोरिवलीत एका उंच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मुलांचं खेळघर आहे, तिथे ती ताई म्हणून लागली. शहरात पावसाने मैदानं बुडली, शाळांना सुट्टी पडली की आईबाप मुलांना तिथे आणून सोडतात. रंगीत चेंडूंचं टाकं आहे, माती मळायला आहे, ठोकळे आहेत, कागद आहेत. पाऊस जितका जास्त, तितकी मुलं जास्त. यंदा मालकांनी, नविनभाईंनी, दक्षाला विचारलं की गोष्टी सांगणारं कोणी मिळेल का, आणि दक्षा अभिमानाने बोलून गेली, "माझी आई."

रविवारी दुपारी तिचा फोन आला.

"आये, अकरा वाजताचा तास आहे. सकाळचा."

"दिवसाचा?"

"मग? मुलं काय रात्री येणार?"

"मामाला विसरलीस काय गो?"

 दक्षा म्हणाली, "विसरले नाय. पण मी शब्द दिलाय आये. तू ये तर. गोष्ट नको सांगू, गाणं म्हण, काय पण कर."

लाहू पडवीत विडी ओढत ऐकत होता. तो म्हणाला, "दर्यात काय वाटा असतात? तुझा भाऊ चुकला तेव्हा तू कुठे तोंड उघडलं होतं?"

"म्हणून आता उघडू?"

"मी कुठे म्हणतो उघड? जा, लेकीची लाज राख. येताना मला चहात बुडवायला बटर आण, मुंबईचं कडक."

गंगी गेली. पाड्यावरून जीपने तलासरी, तलासरीहून डहाणू रोड, तिथून गाडीने बोरिवली. रात्री दक्षाच्या खोलीत मुक्काम केला. सकाळी नवं लुगडं नेसली, पदर डोक्यावरून घेतला आणि लेकीच्या मागून त्या काचेच्या दारातून आत गेली.

आत ना ऊन, ना पाऊस. पांढरे दिवे लागलेले. बाहेर काचेवरून पाणी वाहत होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. गंगीला ते फार विचित्र वाटलं. पाऊस दिसतो आणि ऐकू येत नाही, असा पाऊस तिने जन्मात पाहिला नव्हता. वीसेक मुलं मऊ गाद्यांवर बसली होती. नविनभाई हात जोडून पुढे आले.

"या मावशी, या. एकदम आरामात बसा. मुलं तुमचीच वाट बघतात."

गंगीने आधी गाणं म्हटलं. मग चिंचोक्यांचा खेळ दाखवला. मुलांनी तो दोनदा खेळला आणि तिसऱ्यांदा त्यांचं लक्ष उडालं. एक दात पडलेला मुलगा म्हणाला, "पण गोष्ट कधी?"

"दिवसा गोष्ट नाय सांगत, बाळा. मामा वाट चुकतो."

"माझ्या मामाकडे मॅप आहे," तो म्हणाला.

मुलं हसली. दोघं-तिघं धावत जाऊन खिडक्यांचे पडदे ओढू लागली, एकाने दिवे घालवले. "झाली रात्र! आता सांग!" नविनभाई दारातून हसत बघत होते. दक्षा हसत नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

"दिवे लाव," गंगी म्हणाली. "पडद्याआड पण दिवस असतोच."

मुलं हिरमुसली. पिवळ्या फ्रॉकमधली एक पाच-सहा वर्षांची मुलगी अगदी पुढे येऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "मग तुझा मामा आहे?"

"माझा नाय. हिचा आहे," गंगीने दक्षाकडे बोट केलं. "माझा भाऊ."

"कुठे?"

 गंगीने मनाशी तोलून पाहिलं. गोष्ट सांगायची नाही असा नेम आहे. पण जे घडलं ते सांगायला कोणाची बंदी आहे? माणसं दिवसभर तेच तर बोलतात. बैल कुठे गेला, कोणाचं पोर पडलं. तिने पदर नीट केला आणि सांगायला लागली.

तिने बाबल्याला कमरेवर घेऊन भात कांडलेला सांगितला. कोंबड्या सांगितल्या. बोट सांगितली, सुक्या बोंबलांची पिशवी सांगितली, समुद्रातली ती रेघ सांगितली जी कोणालाच दिसत नाही. तिचा आवाज तिच्या नकळत खाली आला, पडवीत यायचा तसा. मुलं हलेनात. नविनभाईंनी फोन खिशात ठेवला. मग तिने चिठ्ठी सांगितली, आणि थांबली.

"मग?" दात पडलेल्या मुलाने विचारलं.

"मग काय नाय. तो तिथेच हाय."

पिवळ्या फ्रॉकच्या मुलीचे ओठ थरथरले. तिने मोठ्याने गळा काढला नाही. ती नुसती गंगीकडे बघत राहिली आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. बाबल्या असाच रडायचा, आधी बिनआवाजाचा. त्यानंतर काय होतं ते गंगीला माहीत होतं. तिचे हात आपोआप पुढे झाले. तिने मुलीला मांडीवर ओढलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"आला गो आला! परवाच आला मामा. पाऊस पडत होता. तलासरीला जीपमधून उतरला, भिजलेला, दाढी वाढलेली. ओहोळाच्या काठावरून हाक मारली, ताई! मी नागलीची भाकरी केली. चार खाल्ल्या त्याने."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने फ्रॉकने नाक पुसलं आणि विचारलं, "चार?" "चार," गंगी म्हणाली. नविनभाई पुढे येऊन म्हणाले, "वा मावशी! पुढच्या आठवड्यात नक्की या." दक्षा भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

गंगी घरी आली. लाहूला बटर दिलं, पण खेळघरातलं त्याला सांगितलं नाही. ती घडलेलं सांगत होती तोवर ठीक होतं. शेवटचं घडलेलं नव्हतं. ती गोष्ट होती. अकरा-साडेअकराची वेळ, भर दिवस, आणि दक्षाच्या देखत.

पाचव्या दिवशी आगरहून निरोप आला. काही खलाशी सुटणार आहेत, यादी आली आहे. गंगी आणि लाहू पहिल्या जीपने निघाले.

आगरला किनाऱ्यावर होड्या निळं प्लास्टिक पांघरून वर ओढून ठेवल्या होत्या. तांडेलाची बायको, बायजी, दारातच उभी होती. तिने गंगीला पाहिलं आणि तिच्या तोंडावरचा आनंद तिने घाईघाईने आवरला, जसं वाळत घातलेलं पावसात आवरतात. गंगीला तेवढ्यावरून कळलं.

"बस, बाय," बायजी म्हणाली. "आमच्या याचं नाव हाय. तुझ्या भावाचं मी तीनदा वाचायला लावलं. पोराला म्हटलं, खालून वर वाच. नाय गो."

"बाकीचे?"

"सातातले पाच. तुझा आणि एक उंबरगावचा राहिला. पुढच्या यादीत येईल, असं बोलतात."

बायजीने चहा केला. गंगीने तो पूर्ण प्याला, कारण दुसऱ्याच्या सुखाच्या दिवशी कप अर्धा ठेवू नये. निघताना तिने बायजीच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "घरी आला की त्याला आधी झोपू दे. लगेच विचारू नको," म्हणाली.

परतीच्या वाटेवर सरावलीच्या नाक्यावर पावसाने गाठलं. दोघं एका टपरीच्या पत्र्याखाली उभी राहिली. तिथे गंगीने लाहूला सगळं सांगितलं. लाहूने ऐकून घेतलं. 

"यादी कधी लिहिली असेल?" तो म्हणाला. "महिना झाला असेल. तू बोललीस या आठवड्यात. तुझ्या बोलण्याने ती मागे जाऊन बदलली काय?"

"नाय."

"मग?"

"ही यादी झाली. पुढची अजून लिहायची हाय." तिने तोंडावरचं पाणी पुसलं. "मी त्याला घरी आणून जेवायला घातला. आता तो कशाला वाट शोधील? त्या पोरांच्या मनात तो पोचला. वीस पोरांच्या मनात एक माणूस घरी बसलाय आणि माझा भाऊ तिथे हाय."

 लाहूने नुसतं विचारलं, "मग काय करणार?"

"परत घेणार. शेवट."

आणि ती डहाणू रोडवरूनच गाडीत बसली. अंगावर होतं ते लुगडं, हातात रिकामी पिशवी.

दक्षा दारात आईला बघून घाबरली. सगळं ऐकल्यावर ती चिडली. "आये, नविनभाई काय म्हणतील? मुलांना रडवायला परत आलीस? ती विसरली पण असतील."

"मी नाय विसरले."

"यादीत मामाचं नाव नाय ते मला नव्हतं कळलं? मी पण रडले. पण तुझ्या गोष्टीवर दोष नाय घातला."

"तू नको घालू. माझं मला करू दे."

सकाळी ती खेळघरात गेली आणि शहरात ऊन पडलं. लख्ख, धुतलेलं ऊन. मुलं मैदानात गेली. गाद्या रिकाम्या, चेंडूंचं टाकं रिकामं. दुसऱ्या दिवशीही ऊन. उधव्याला असं ऊन पडलं असतं तर गंगीने देवाचे आभार मानले असते, पावसात कुजत चाललेली रोपं वाचली म्हणून. इथे ती काचेपाशी बसून पावसाची वाट बघत होती. नविनभाई दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा ते तिच्याजवळ खाली बसले. दक्षाने त्यांना सांगितलं असावं.

"मावशी, बच्चे लोक आहेत. कोणाला आठवत नाही."

"एकीला आठवतं."

"कोणाला?"

"तिने विचारलं होतं, चार? भाकऱ्या मोजणारं पोर विसरत नाय."

नविनभाई उठले. म्हणाले, "मग बसा. तुमचंच घर आहे." जाताना त्यांनी दक्षाला चहा आणायला सांगितला.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ काळं झालं आणि दहाच्या सुमाराला धो-धो सुरू झालं. शाळा सुटल्या. भिजलेल्या छत्र्या, रडणारी, ढकलाढकली करणारी मुलं येऊ लागली. त्या दिवशी ऐकलेल्यांपैकी नऊ-दहा जण होते. गंगी एकेकाला जवळ बोलावून सांगू लागली. सगळ्यांपुढे उभं राहून सांगितलं असतं तर तीही गोष्ट झाली असती. "मामा आला म्हटलं होतं ना? नाय आला. मी खोटं बोलले." दात पडलेला मुलगा म्हणाला, "ओके," आणि टाक्यात उडी मारून गेला. एकाने विचारलं, "कोण मामा?" एकीला वाईट वाटलं आणि तिने गंगीला आपलं बिस्कीट दिलं. गंगीने ते पदराला बांधून ठेवलं.

पिवळ्या फ्रॉकची मुलगी सर्वांत शेवटी आली. आज तिच्या अंगावर निळा रेनकोट होता. गंगीला बघताच ती धावत आली.

"मामा काय करतो?"

गंगी खाली बसली, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आली. इतका वेळ सोपं वाटलेलं वाक्य आता ओठावर येईना. दक्षा हातातले ठोकळे तसेच धरून जागच्या जागी थांबली होती.

"मामा आला नाय," गंगी म्हणाली. "मी त्या दिवशी म्हटलं तो आला, ते खरं नव्हतं. तो अजून तिथेच हाय."

 मुलीने रेनकोटचं बटण उघडलं, परत लावलं.

"भाकरी?"

"नाय केली."

"मग तू असं का सांगितलंस?"

"तू रडत होतीस म्हणून."

"मी परत रडले तर?"

"तरी आता नाय सांगणार."

मुलीने तिच्याकडे रोखून पाहिलं. गंगीने नजर हलवली नाही. मुलगी रडली नाही. ती रागावली होती, आणि तो राग गंगीने समोर बसून सगळा घेतला. मागे चेंडू उडत होते, कोणीतरी किंचाळत होतं. काचेवरून पाणी बिनआवाज वाहत होतं.

मग मुलगी म्हणाली, "त्याला घर माहीत आहे?"

"माहीत हाय."

"रस्ता?"

"तो पण. तलासरीपर्यंत आला की पुढे डोळे मिटून येईल. तिथपर्यंत यायला पाहिजे."

"आला की मला सांगशील?"

"सांगेन."

"रात्री नको. मी लवकर झोपते."

"दिवसा येऊन सांगेन," गंगी म्हणाली. "तो खरंच आला असेल. मग दिवसा सांगायला हरकत नाय."

मुलीने मान हलवली आणि चेंडूंच्या टाक्याकडे गेली. गंगी गुडघ्यावर हात टेकून उठली. दक्षा जवळ आली होती. तिने आईच्या हाताला धरलं, आणि मायलेकी तशाच उभ्या राहिल्या, बाहेरचा पाऊस बघत.